लहानग्यांची चित्रपुस्तकं: प्राणी, गाड्या आणि मदतीला येणारी माणसं. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कराडला आमच्या वाचनालयाचा बालविभाग मी गेली नऊ वर्षं बघतेय. शनिवारी सकाळी आई-बाबा, आजी-आजोबा पोरांना घेऊन येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. साधारण सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे हे.

पुस्तक कितव्या महिन्यापासून दाखवायचं? बाळाला काही कळतं का?

कळतं हो. जन्मलेल्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढं, त्यामुळे सुरुवातीला काळी-पांढरी किंवा एकदम ठळक चित्रं, एका पानावर एकच वस्तू, एवढंच पुरे. सहा महिन्यांनंतर बाळ पुस्तकावर हात मारायला लागतं, वर्षाच्या आसपास बोट दाखवतं आणि मग दीड वर्षापासून जी काही गंमत सुरू होते ती विचारू नका, गाय दिसली की हम्मा, मांजर दिसलं की माऊ. त्याआधीही मांडीवर घेऊन पानं उलटा, तुमचा आवाज त्याला हवाच असतो.

सगळीकडे प्राणी, गाड्या आणि "आपले मदतनीस" हेच तीन विषय का असतात? दुसरं काही नाही का लहान मुलांसाठी?

कारण हे तिन्ही हलतं, आवाज करतं आणि दारासमोरून जातं. दोन वर्षांच्या मुलाचं जग म्हणजे गॅलरी, गेट आणि रस्ता, आणि तिथे दिसतं काय, तर कुत्रा, रिक्षा आणि दूधवाले काका. ही काही आजची फॅशन नाही. 1658 साली कोमेनियस नावाच्या शिक्षकाने न्यूरेंबर्गला लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापून घेतलं, त्यात सुरुवातीला अक्षरं शिकवलीयेत ती प्राणीपक्ष्यांच्या आवाजांवरून, आणि पुढे प्राणी आहेत, गाड्या-जहाजं आहेत, वेगवेगळे कारागीर आहेत! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पोरांनाही हेच आवडत असणार.

म्हणूनच पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते, की यातलं काय या मुलाला घराबाहेर पडल्यावर भेटणार आहे. सगळं भेटायलाच हवं असं नाही, देवमासा आणि रॉकेटही पाहिजेच, पण निम्मं तरी भेटावं. पुस्तकातला बैल आणि गल्लीतला बैल हा एकच बैल आहे हे ज्या दिवशी मुलाला कळतं ना, त्या दिवशी त्याचा चेहरा बघा तुम्ही.

आमचं बाळ पुस्तक चावतं. देऊ की नको?

द्या. तोंडात घालणं हीच त्याची बघायची पद्धत आहे. फक्त जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, गोल कोपऱ्यांचं पुस्तक द्या आणि वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सुटत असेल तर आधी काढून टाका, तो घशात अडकू शकतो. कापडी पुस्तकंही चांगली, धुता येतात. आमच्याकडे परत आलेली पुठ्ठ्याची पुस्तकं आम्ही ओल्या फडक्याने पुसून उन्हात उघडी ठेवतो, कोपरा चघळलेला असला तरी दंड नाही.

मुलगा फक्त जेसीबीचंच पुस्तक मागतो. दुसरं काही नकोच. काय करू?

जेसीबीच द्या! हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि बहुतेक आई-बाबा जरा काळजीत असतात, पण यात काळजी करण्यासारखं काही नाहीये, एका विषयात खोल शिरणं ही चांगलीच गोष्ट आहे. तुम्ही त्याच्याबरोबर शिरा म्हणजे झालं. आपण ज्याला जेसीबी म्हणतो ते खरं तर कंपनीचं नाव, पण आता ते यंत्राचंच नाव झालंय. पुढे रुंद बकेट असते ती माती उचलायला, मागे लांब हात असतो तो खणायला, आणि मागचं काम करताना ड्रायव्हर काका खुर्ची गर्रकन फिरवून मागे तोंड करून बसतात आणि गाडी दोन्ही बाजूंनी पाय टेकते, हलू नये म्हणून. आता पुस्तकात बघा, ते पाय काढलेत का चित्रकाराने? आमच्याकडे एक साडेतीन वर्षांचा मुलगा येतो, त्याने एका पुस्तकात खणणाऱ्या जेसीबीला पाय नाहीत हे मला दाखवून दिलं. मी ते पुस्तक दोन वर्षं मुलांना वाचून दाखवत होते आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

जेसीबीवरून पोकलेनवर जा. जेसीबीला टायर असतात, पोकलेन पट्ट्यांवर चालतं. मग रोडरोलर, डंपर, सिमेंटचा मिक्सर, मग ते चालवणारी माणसं, मग ती माणसं दुपारी सावलीत डबा खातात तो डबा. असं करत करत मूल आपोआप दुसऱ्या पुस्तकावर येतं, ओढून आणावं लागत नाही.

गाड्यांची पुस्तकं इंग्रजीत भरपूर मिळतात पण त्यात आपल्या गाड्या नसतात.

हो ना, हेच माझं जुनं दुखणं आहे. पिवळी स्कूलबस, आइस्क्रीमची व्हॅन, बर्फ सारणारा ट्रक असतो, पण रिक्षा नसते, लाल एसटी नसते, टमटम नसते, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नसतो. आमच्याकडे कारखाने सुरू झाले की मुलं दिवसभर हेच बघतात, आणि पुस्तकात शोधायला गेलं तर तो ट्रॅक्टर कुठेच नाही. मग मी त्या पुस्तकांना जोड देते. बसचं पान आलं की एसटीचं बोलते, 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली ते आजोबांना सांगायला लावते, कंडक्टर घंटीची दोरी ओढायचे, एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. मुलं लगेच खुर्च्यांची एसटी करतात, कुणीतरी डबल बेल देतं आणि पुस्तक राहतं बाजूला, राहू दे.

आगीच्या गाडीला आपला "बंब" हा शब्द वापरा. इतका गोल आणि दणदणीत शब्द आहे की मुलं तो म्हणायलाच पान उघडतात. आणि ॲम्ब्युलन्सच्या पुढच्या बाजूला नाव उलटं का लिहितात हे चार वर्षांच्या मुलाला आरशासमोर धरून दाखवा, पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला आरशात ते सुलट दिसतं आणि तो बाजूला होतो. रुग्णवाहिकेचा 108 आणि बंबाचा 101 हे आकडेही याच पानावर सहज पाठ होतात.

प्राण्यांच्या पुस्तकात काय बघून घ्यायचं?

चित्र खरं आहे का ते. गंमतीशीर असू दे, हत्तीला चड्डी असू दे, पण माहितीचं पुस्तक म्हणून विकत असतील तर प्राणी बरोबर पाहिजे. हत्तीचे कान बघा, अवाढव्य पंख्यासारखे असतील तर तो आफ्रिकेचा, आपल्या हत्तीचे कान त्यामानाने लहान आणि आपल्याकडच्या हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे नसतात. मुंगीला सहा पाय आणि कोळ्याला आठ, हे मोजाच, चुकलेली पुस्तकं भरपूर आहेत. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ, बिबट्याच्या अंगावर फुलासारखे गोल ठसे. आपल्याकडे बिबट्या उसात असतो, पोरांनी त्याचं नाव रोज ऐकलेलं असतं, निदान त्याचं चित्र तरी बरोबर असू दे.

शेकरूचं मला फार वाटतं. आपला राज्यप्राणी, भीमाशंकरचं अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध, आणि कित्येक पुस्तकांत शेकरू म्हणून चक्क पाठीवर तीन पट्टे असलेली अंगणातली खार काढलेली असते. शेकरूला पट्टे नसतात. तांबूस-तपकिरी अंग, खाली फिकट पोट, झुपकेदार लांब शेपूट, आकाराने खारीपेक्षा कितीतरी मोठं, आणि जमिनीवर सहसा उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातं. आमच्या इथे एका आजोबांनी अशा चुकीच्या पानावर स्वतः बरोबर चित्र काढून चिकटवलंय, मुलांना ते पान सगळ्यात जास्त आवडतं.

अजून एक. कुहू कुहू गातो तो नर कोकीळ, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी ठिपक्यांची असते. पुस्तकात "कोकिळा गाते" लिहिलेलं असलं तरी वाचताना तुम्ही "कोकीळ गातो" म्हणा. नाचणारा मोर आणि साधी दिसणारी लांडोर, हेही तसंच.

शेतातले प्राणी म्हणून डुक्कर, टर्की आणि लाल कौलारू कोठार दाखवतात. हे मुलांना दाखवावं का?

दाखवा, ते दुसरीकडचं शेत आहे असं सांगून दाखवा. पण मग आपलं शेतही दाखवा: गोठा, गव्हाण, म्हैस, शेळी, कोंबड्यांचं खुराडं. बैलाची शिंगं लांब, मागे वळलेली असतील तर खिलार, असं सांगणारे आजोबा घरात असतील तर त्यांच्यासारखं पुस्तक नाही. पेंग्विनचं मात्र असं आहे की मुंबईच्या मुलांना तो परका राहिलेला नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेत 2016 ला हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यामुळे मुंबईहून सुट्टीला आलेली मुलं पेंग्विनवर अधिकाराने बोलतात आणि आमची मुलं म्हशीवर.

इंग्रजी पुस्तक मराठीतून वाचून दाखवलं तर चालेल का?

चालेल काय, पळेल. चित्राला भाषा नसते. उलट मराठीत सांगायला लागलात की कळतं आपल्याकडे किती शब्द आहेत. इंग्रजी पुस्तकात गाय "मू" म्हणते, आपण "हम्मा" म्हणायचं, आणि मूल तीन वर्षांचं झालं की पुढचं: गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, वाघ डरकाळी फोडतो, साप फुत्कारतो, कोल्ह्याची कोल्हेकुई. पिल्लांचं तर विचारूच नका. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, हरणाचं पाडस. हे शब्द आता घरात कुणी बोलत नाही, शाळेत परीक्षेपुरते येतात, आणि चित्रपुस्तक ही एकच जागा उरलीये जिथे ते लाडाने येऊ शकतात. "रेडकू" म्हणून बघा मुलाला, हसतंच.

फक्त शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करत बसू नका, चित्र बघा आणि तुमच्या घरात बोलता तसं सांगा. घरात मालवणी, अहिराणी, कोंकणी, जी असेल तीत सांगा.

मदत करणाऱ्या माणसांच्या पुस्तकात डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, अग्निशमन दल एवढंच असतं. पुरे का?

नाही पुरत. ही सगळी हवीतच, पण मुलाच्या दारात रोज कोण येतं ते बघा. घंटागाडीवरच्या ताई, पाणी सोडणारे काका, वायरमन, गॅस सिलिंडर खांद्यावरून आणणारा दादा, लसीच्या दिवसाची आठवण करायला येणाऱ्या आशाताई. रात्री पावसात लाइट गेल्यावर जो माणूस खांबावर चढतो त्याचं चित्र किती पुस्तकांत बघितलंय तुम्ही? रेल्वेच्या पुस्तकात इंजिन असतं, गार्ड असतो, पण रूळ तपासत मैलोन् मैल चालणारा ट्रॅकमन नसतो. आणि अंगणवाडीच्या ताई! ती कल्पना तर आपल्या मातीतली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, शिंपले, बिया, पानं हीच खेळणी, आणि पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारी योजनेत देशभर अंगणवाड्या निघाल्या. लाखो मुलांची पहिली बाई ती, आणि पुस्तकांत मात्र क्वचितच भेटते.

म्हणून अशी पुस्तकं वाचताना पानाच्या बाहेर जा. आमच्या वाचनालयात आम्ही दर महिन्याला कुणालातरी बोलावतो. मागे घंटागाडीच्या ताई आल्या होत्या, हातमोजे घेऊन. त्यांनी मुलांना ओला कचरा कुठला, सुका कुठला ते दाखवलं आणि म्हणाल्या, फुटलेली काच कागदात गुंडाळून वर लाल खूण करून द्या, नाहीतर माझा हात कापतो. त्यांच्या अंगठ्यावरची जुनी खूण एका मुलीने बोट लावून बघितली. आता ती मुलगी घरात काही फुटलं की आधी लाल स्केचपेन शोधते, तिच्या आईनेच सांगितलं मला.

आणि बोलताना "कचरेवाली आली" म्हणू नका हो. कचरा आपला असतो.

मुलगी आहे, तिला गाड्यांची पुस्तकं आवडतील का?

हा प्रश्न अजूनही येतो. आवडतील, देऊन तर बघा. मराठीत यात एक खास गोष्ट आहे. इंग्रजीत "ड्रायव्हर आला" आणि "आली" यात फरकच दिसत नाही, पण मराठीत क्रियापद बोलावंच लागतं, त्यामुळे प्रत्येक पानावर तो की ती हे वाचणारा ठरवतो. आणि आपण सवयीने डॉक्टर आला, पायलट आला, शिक्षिका आल्या, नर्स आली असं म्हणत जातो. चित्रात हेल्मेट घातलेलं माणूस असेल, चेहरा नीट दिसत नसेल, तर एकदा "बंब घेऊन ती आली" म्हणा. साताऱ्याच्या सुरेखा यादव भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, 2023 मध्ये सोलापूर ते मुंबई वंदे भारत त्यांनी चालवत नेली. आपल्याच शेजारच्या गावच्या, त्यांचं नाव रेल्वेच्या पानावर घ्यायलाच पाहिजे.

"जेवला नाहीस तर पोलीस पकडून नेतील" असं आम्ही सांगतो. पुस्तकात तर पोलीस चांगले असतात. गोंधळ होतो का?

होतो, आणि तो धोक्याचा आहे. जत्रेत मूल हरवलं तर त्याने पोलिसांकडे जायला हवं, लपायला नको. तसंच डॉक्टर आणि सुईचं. पुस्तक मदतीचं सांगत असेल आणि घरात धाक असेल तर मूल घरचंच खरं मानतं. सोडून द्या ते वाक्य.

सारखं तेच पुस्तक मागते. रोज. मला पाठ झालंय.

तिलाही पाठ करायचंय, म्हणून मागते. पुढच्या पानावर काय येणार हे आधी माहीत असणं आणि ते तस्सं येणं यात तिला केवढं सुख आहे. एखादा शब्द मुद्दाम गाळा, ती भरेल. एखादा चुकीचा म्हणा, ती ओरडून दुरुस्त करेल.

मला छान वाचता येत नाही, आवाज काढता येत नाहीत. / आजीला वाचता येत नाही.

नाही आले तरी चालतं. चित्राकडे बघून बोला. दर पानावर "हे काय? ते काय?" अशी परीक्षा मात्र घेऊ नका, मूल गप्प होतं. "अरे, या कुत्र्याला भूक लागलेली दिसतेय" असं काहीतरी म्हणा आणि थांबा, मनातल्या मनात पाच आकडे मोजा, मूल बोलतं. आणि वाचता न येणाऱ्या आज्या तर सगळ्यात भारी सांगतात, आमच्याकडच्या एका आजी म्हशीच्या एका चित्रावर वीस मिनिटं बोलल्या, तिचं नाव काय होतं, ती कुणाला दूध द्यायची नाही, पुरात तिला कसं वर काढलं.

वाघाने हरीण खाल्लं हे पान दाखवू की वगळू?

मुलावर आहे. दोन वर्षांच्या मुलाला गरज नाही. चार-पाच वर्षांचं मूल स्वतःच विचारतं, तेव्हा खरं सांगा, वाघ गवत खाऊ शकत नाही, त्याची पिल्लं उपाशी राहतील. खोटं सांगून वाघाला भाजीभाकरी खायला लावू नका.

मोबाईलवर तीच गोष्ट दाखवली तर?

दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल तेवढा अधूनमधून, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय. व्हिडिओत पान आपोआप उलटतं, मुलाला थांबता येत नाही, हा माझा मुख्य आक्षेप.

बटण दाबलं की आवाज येतो ती पुस्तकं कशी आहेत?

मुलांना आवडतात पण मी जपून देते. आत नाण्यासारखी छोटी बॅटरी असते, ती गिळली गेली तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. झाकणाला स्क्रू आहे का, तो घट्ट आहे का बघा. स्क्रू नसेल तर घेऊ नका, आणि गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

मराठीत चांगली पुस्तकं कुठे मिळतात? महाग असतात का?

ज्योत्स्ना प्रकाशनाची बालपुस्तकं बघा, चित्रं आपली वाटतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं खूप स्वस्त असतात. चेन्नईच्या तूलिकाची काही पुस्तकं मराठीत, काही दोन भाषांत एकत्र असतात. प्रथम बुक्सची छापील पुस्तकंही परवडतात, आणि त्यांच्या 2015 ला सुरू झालेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या, पहिल्या पातळीच्या घ्या, प्रिंट काढून शिवून टाका, त्याला परवानगी आहे. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक दुपार काढा. आणि विकत घ्यायच्या आधी गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठा, बालविभाग धूळ खात असेल तर मागणी करा, मागितल्याशिवाय कपाटं उघडत नाहीत.

आम्ही परदेशात आहोत. मुलाने रिक्षा पाहिलीच नाही.

मग तुमच्याकडची स्कूलबस मराठीत सांगा, आणि रिक्षा आजोबांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, मीटर खाली पाडतानाच्या आवाजासकट. अमेरिकेत बऱ्याच गावांत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा चालतात, तिथे पुस्तकं अदलाबदल करता येतात.

घरी पुस्तक बनवता येईल का?

नक्की बनवा! पुठ्ठ्याचे आठ चौकोन, गल्लीतल्या आठ गोष्टींचे फोटो: कोपऱ्यावरचा कुत्रा, दूधवाल्या काकांची सायकल, इस्त्रीवाल्या मावशी, त्यांना विचारून. खाली एक एक ओळ. एसटीचं तिकीट चिकटवा, कोंबडीचं पीस चिकटवा. मूल पुठ्ठ्यावर स्वतः काहीबाही ओढेल ते पुसू नका.

पुस्तक फाटलं, कसं चिकटवू?

साधा सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदालाही डाग पाडतो. मैद्याची पातळ खळ करा, पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी फाडून घ्या, कापू नका, फाडलेली कड छान बसते, ती चिरेवर लावा आणि वर जड डबा ठेवून रात्रभर राहू द्या. बाइंडिंगवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तो लहान मुलांच्या पुस्तकाला अजिबात वापरू नका, विषारी असतो आणि आपली पोरं पुस्तक चाटतात. पट्टी लावायला मुलालाच बसवा शेजारी. आमच्याकडच्या त्या जेसीबीच्या पुस्तकाला आता अकरा पट्ट्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक कुणी लावली ते मुलं नावानिशी सांगतात.